प्रतिमानिषेध आणि मुलांची खेळणी



आम्ही लहान असताना घरातल्या देव्हाऱ्यातील एका पाषाणमूर्तीचा टवका उडाला. खंडित मूर्ती पूजेला चालत नाही, म्हणून आजीने ती उचलून कोनाड्यात ठेवली. आमच्या धाकट्या बहिणीची नजर तिच्यावर गेली आणि भातुकलीसाठी ती तिने मागितली. आजी काही खेळाच्या विरुद्ध नव्हती. ठकीला परकर तीच शिवून देई, ठकीच्या लग्नात अक्षता तीच टाकी. पण या वेळी तिने साफ नकार दिला. "देव खेळायला देत नाहीत," एवढेच म्हणाली आणि दुसऱ्या दिवशी मूर्ती नदीत सोडून आली. बहीण रडत राहिली. देव्हाऱ्यात चालत नाही, भातुकलीत चालत नाही, मग ती होती तरी कोण, हा तिचा प्रश्न कोणी मनावर घेतला नाही.

तो प्रश्न पोरकट नव्हता, असे आम्हांला आज वाटते. देवाला न्हाऊ घालतात, वस्त्र नेसवतात, नैवेद्य दाखवतात, गोकुळअष्टमीला पाळण्यात घालून जोजवतात. ठकीचेही हेच सारे होते. लाकूड तेच, रंग तोच, हातही त्याच घरातले. तरी एकीपुढे डोके टेकायचे आणि दुसरीला रात्री टोपलीत टाकायचे. मूर्तिपूजकांच्या घरात ही रेषा आजी सांभाळते. पण ज्या धर्मांनी मूर्तीच निषिद्ध ठरवली, त्यांच्या घरांत बाहुलीचे काय झाले? प्रतिमानिषेधाचा इतिहास लिहिताना फुटलेल्या मूर्ती आणि पांढरी फासलेली चित्रे यांचेच वर्णन होते. आज आपण त्याच इतिहासाकडे पोरांच्या टोपलीतून पाहू.

इसवी सनाच्या ४थ्या शतकाच्या आरंभी लॅक्टॅन्शियस नावाचा एक ख्रिस्ती पंडित होऊन गेला. कॉन्स्टन्टाइन बादशहाने आपला मुलगा क्रिस्पस याला शिकवण्यासाठी त्याची नेमणूक केली होती. त्या काळी रोमन मुली लग्नाच्या वयाला आल्या म्हणजे आपल्या बाहुल्या व्हीनस देवीला वाहून टाकीत. पर्सियस या कवीने त्याआधी या प्रथेची थोडी थट्टा केली होती. लॅक्टॅन्शियसने ती थट्टा उचलून कवीवरच उलटवली. त्याचे म्हणणे असे की फिडियस, पॉलिक्लिटस अशा थोर शिल्पकारांनी सोन्याहस्तिदंताच्या ज्या मूर्ती घडवल्या, त्याही मोठ्या आकाराच्या बाहुल्याच होत. भेद एवढाच की त्यांच्याशी खेळणारे पुरुष दाढीवाले आहेत, आणि मुलींच्या खेळाला जी क्षमा आहे ती त्यांना नाही. टोमणा झणझणीत खराच. पण तो मारताना एक गोष्ट तो सहज कबूल करून गेला: मुलींच्या खेळाला क्षमा आहे. मूर्तीचा द्वेष करणाऱ्यालाही बाहुलीचा द्वेष करवला नाही.

हीच गोष्ट ७व्या शतकात मदीनेत अधिक स्पष्ट दिसते. इस्लामच्या परंपरेत प्रतिमा घडवणाऱ्यांविषयीचे शब्द फार कडक आहेत. हदीस-ग्रंथ सांगतात, की कयामतीच्या दिवशी चित्रकाराला आपल्या चित्रात प्राण फुंकण्यास फर्मावले जाईल आणि ते त्याला साधणार नाही. आयेशा यांनी घरात लावलेला सचित्र पडदा पैगंबरांनी काढायला लावला, आणि त्याच कापडाच्या त्यांनी मग उशा केल्या, हीही कथा प्रसिद्ध आहे. म्हणजे जे चित्र डोळ्यांसमोर टांगलेले चालत नाही, ते टेकायच्या उशीवर चालते. ही खूणगाठ बांधून ठेवावी. पुढे ती उपयोगी पडेल.

याच आयेशा बाहुल्या खेळत असत. बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही प्रमाणभूत संग्रहांत तसे नमूद आहे. मैत्रिणी खेळायला येत, पैगंबर घरात आले की लाजून आडोशाला पळत, आणि ते त्यांना परत आयेशांकडे पाठवीत. अबू दाऊद यांच्या संग्रहात एक अधिक गोड प्रसंग आहे. एका मोहिमेहून पैगंबर परतले होते; ती तबूकची की खैबरची, याविषयी सांगणाराच साशंक आहे. वाऱ्याने पडदा उडाला आणि आतल्या बाहुल्या दिसल्या. हे काय, असे त्यांनी विचारले. या माझ्या मुली, असे उत्तर आले. त्यांच्या मध्ये एक घोडा होता आणि त्याला चिंध्यांचे दोन पंख होते. घोड्याला पंख कसे, या प्रश्नावर आयेशांनी उलट विचारले, की सुलेमानच्या घोड्यांना पंख होते हे आपण ऐकले नाही काय? पैगंबर मनमोकळे हसले.

बाहुलीला अरबी भाषेत तेव्हा 'बनात' म्हणजे मुली हाच शब्द होता. आमच्याकडे ठकी हे मुलीचेच लाडके नाव, आणि इंग्रजीतला 'डॉल' हा शब्दही डोरोथी या नावाचा अपभ्रंश आहे. तीन दूरदूरच्या भाषांना एकच गोष्ट सुचावी हे आम्हांला मोठे मौजेचे वाटते. असो.

आणखी एक हदीस येथे सांगितलीच पाहिजे. रमजानचे रोजे सक्तीचे होण्यापूर्वी आशूराच्या दिवशी उपास करीत, आणि मुलांनाही तो करायला लावीत. पोर भुकेने रडू लागले की मदीनेतल्या बाया त्याच्या हाती लोकरीचे खेळणे देत आणि उपास सुटेपर्यंत वेळ काढीत. धर्माचरणाला खेळण्याचा हातभार लागल्याचे इतके घरगुती उदाहरण आमच्या पाहण्यात दुसरे नाही.

आता शास्त्र्यांची पंचाईत पाहा. एकीकडे चित्रकाराला नरकाचे भय, दुसरीकडे पंख लावलेला घोडा आणि ते हसणे. दोन्ही आधार बळकट. काही पंडितांनी म्हटले, की बाहुल्यांची मोकळीक ही निषेधापूर्वीची असली पाहिजे, पुढे ती रद्द झाली. पण तबूकची मोहीम इ. स. ६३० सालची, म्हणजे पैगंबरांच्या अखेरच्या वर्षांतली. तेव्हा हा तोडगा सर्वांना पटला नाही. हनबली शास्त्र्यांनी शिर नसलेली किंवा अपुऱ्या अवयवांची बाहुली तेवढी चालेल असा मार्ग काढला. कोर्दोव्याचे इब्न हज्म यांनी, ज्यांचा कडकपणा विख्यात आहे, लहान मुलींना मात्र सरळ मुभा दिली. मालिकी पंथात न टिकणाऱ्या वस्तूच्या आकृतीविषयी वेगळी चर्चा आहे. कलिंगडाच्या सालीतून कोरलेली बाहुली दोन दिवसांत सुकते, मग तिला कसला दोष, असे म्हणणारा एक पक्ष होता. आणि बहुसंख्यांचे मत असे पडले, की मुलींच्या बाहुल्या हा निषेधाला अपवाद होय, कारण त्यांतून मुलींना पुढच्या आयुष्यातील संगोपनाचे वळण लागते.

या कारणाविषयी आमचे मत थोडे वेगळे आहे. मूळ प्रसंगात कारण दिलेलेच नाही. तिथे केवळ हसणे आहे. शास्त्राला हसणे पुरत नाही, त्याला हेतू लागतो. म्हणून खेळाला गृहिणीपदाची शिकवणी ठरवावे लागले. खेळ खेळासाठी, एवढे म्हणायला कोणताच शास्त्री, कोणत्याही धर्मातला, सहसा धजत नाही. आणि शिकवणी तरी कोणाची? पंखांच्या घोड्याने मुलींना कसल्या संगोपनाचे वळण लागणार होते, ते कोणी सांगितलेले नाही.

ही चर्चा ग्रंथांतच राहिली नाही. १०व्या शतकाच्या आरंभी बगदादेत खलिफा मुक्तदिर याच्या अमदानीत अबू सईद अल-इस्तख्री हे शाफिई पंथाचे विद्वान मुहतसिब होते. मुहतसिब म्हणजे बाजाराचा निरीक्षक. वजने-मापे, भेसळ, उघड्यावरचा अनाचार हे सारे त्याच्या अखत्यारीत येई. पेशवाईतल्या कोतवालाचे काम डोळ्यांसमोर आणले म्हणजे साधारण कल्पना येईल. बगदादेत मादक पेयाला लागणाऱ्या एका जिनसाचा बाजार होता. तो इस्तख्रींनी बंद केला. शेजारच्याच यादीत खेळण्यांचा बाजार होता. तो त्यांनी चालू ठेवला आणि आयेशांच्या बाहुल्यांचा दाखला दिला. सुमारे शंभर वर्षांनी अल-मावर्दी यांनी राज्यकारभारावरील आपल्या ग्रंथात हा निर्णय तपासला. बाहुल्यांचा उद्देश पाप नाही, पण त्यांत सजीवांची आकृती आहे आणि मूर्तीशी साम्य आहे; तेव्हा परवानगीलाही आधार आहे आणि बंदीलाही, परिस्थिती पाहून ठरवावे, असा त्यांचा अभिप्राय. निर्णयाची ही पद्धत आम्हांला प्रौढ वाटते. ज्या शहरात कुंभार, सुतार आणि चिंध्यांच्या बाहुल्या शिवणाऱ्या विधवा बाजारावर पोट भरतात, तिथे एका अधिकाऱ्याच्या मतावर किती चुली अवलंबून असतील!

आमच्याकडे होळी-पाडव्याला साखरेच्या गाठी असतात. कैरोत रजब महिन्यात याहून मोठा थाट असे. १५व्या शतकातील इतिहासकार मकरीझी यांनी त्या शहराच्या मिठाईबाजाराचे वर्णन केले आहे. घोडे, सिंह, मांजरे असल्या साखरेच्या आकृती दुकानादुकानांवर दोऱ्यांनी टांगलेल्या असत आणि लहानथोर सारे त्या आपल्या मुलांसाठी नेत. पैगंबर-जयंतीला मुलींसाठी साखरेची नवरी आणि मुलांसाठी साखरेचा घोडेस्वार, ही इजिप्तमधली रीत तर आजही टिकून आहे. फक्त साखरेची जागा बऱ्याच ठिकाणी प्लॅस्टिकने घेतली आहे. साखरेची नवरी खाऊन संपते. तिच्यापुढे कोण डोके टेकणार? प्लॅस्टिकची मात्र वर्षानुवर्षे कपाटावर बसून राहते, आणि कलिंगडाच्या सालीचा युक्तिवाद तिला लागू पडत नाही.

अलीकडच्या काळात या वादाला दुसरेच वळण लागले. २००३ साली सौदी अरेबियाच्या धार्मिक पोलिसांनी बार्बी या अमेरिकन बाहुलीविरुद्ध मोहीम उघडली. तत्पूर्वी २००२ साली इराणमध्ये तिला उत्तर म्हणून सारा आणि दारा ही बहीणभावंडे बाजारात आली होती, आणि २००३ मध्येच अरब देशांत फुल्ला नावाची बुरख्यातली बाहुली आली. या साऱ्या प्रकरणात आकृतीवर आक्षेप जवळजवळ नाहीच. आक्षेप आहे तो तोकड्या कपड्यांवर आणि परक्या चालीरीतींवर. जुन्या शास्त्र्यांना बाहुलीला डोके असावे की नसावे ही चिंता होती, नव्यांना त्या डोक्यावर काय असावे याची. दोहोंत जुनी चिंता अधिक खोल होती असे आमचे मत आहे. ती अजून पुरती गेलेली नाही. नाक-डोळे नसलेल्या बाहुल्या आजही काही मुसलमान घरांत पसंत करतात, आणि अमेरिकेतल्या आमिश या ख्रिस्ती पंथाच्या मुली कोऱ्या चेहऱ्याच्या चिंध्यांच्या बाहुल्या खेळतात. कोरलेली प्रतिमा करू नये या बायबलच्या आज्ञेकडे तेव्हा बोट दाखवले जाते.

आता ९व्या शतकातल्या कॉन्स्टन्टिनोपलला जाऊ. येथे वाद मुसलमान आणि ख्रिस्ती यांचा नव्हता, ख्रिस्ती लोकांचा आपसांतच होता. येशू, मेरी आणि संत यांची लाकडी फळ्यांवर रंगवलेली चित्रे पूज्य की त्याज्य, यावरून पूर्वेकडील रोमन साम्राज्य शंभर वर्षांहून अधिक काळ दुभंगले होते. ७५४ च्या धर्मसभेने चित्रे त्याज्य ठरवली, ७८७ च्या सभेने पुन्हा पूज्य ठरवली, आणि ८१५ पासून परत बंदी आली. ८२९ साली गादीवर आलेला थिऑफिलस हा बंदीचा कट्टर पुरस्कर्ता. लाझारस नावाच्या साधू-चित्रकाराचे तळहात तापलेल्या लोखंडाने भाजले, दोघा भावांच्या कपाळांवर अपमानाचे श्लोक गोंदवले, अशा कथा त्याच्या राजवटीविषयी सांगतात.

या बादशहाच्या स्वतःच्या अंतःपुरात मात्र चित्रे लपवलेली होती. राणी थिओडोरा गुप्तपणे त्यांची पूजा करी. दरबारात डेन्डेरिस नावाचा अर्धवट विदूषक होता. त्याला कुठेही शिरायला मज्जाव नसे. एके दिवशी तो राणीच्या शयनगृहात शिरला तर ती चित्रांची चुंबने घेत होती. हे काय, असे त्याने विचारले. या माझ्या सुंदर बाहुल्या आहेत, असे राणीने सांगितले. विदूषक तसाच बादशहाच्या पंगतीला गेला आणि 'आई' उशीखालून छान छान बाहुल्या काढीत होती, असे सांगून मोकळा झाला. बादशहाला काय समजायचे ते समजले. तो तणतणत आत गेला. राणीने न डगमगता सांगितले, की आम्ही आरशात पाहत होतो, त्या वेड्याला आमचीच प्रतिबिंबे दिसली. वेळ निभावली. मग तिने विदूषकाला चांगले चोपले. पुढे बादशहाने पुन्हा त्याला विचारले, की आई अजून बाहुल्यांचे मुके घेते काय? तेव्हा डेन्डेरिसने एक हात ओठांवर ठेवला, दुसरा पार्श्वभागावर, आणि बाहुल्यांचे नाव काढू नका अशी विनवणी केली.

बादशहाची सासू थिओक्टिस्टी हिच्या घरीही हेच चाले. नाती आजीकडे जात; आजी त्यांना खाऊ आणि भेटी देई आणि हळूच संदुकीतली चित्रे काढून मुलींच्या कपाळाला लावी. घरी परतल्यावर बापाने सहज चौकशी केली. थोरल्या मुली शहाण्या होत्या, त्या गप्प राहिल्या. धाकटी पुल्केरिया निरागसपणे म्हणाली, की आजीच्या पेटीत पुष्कळ बाहुल्या आहेत, ती त्या आमच्या डोक्याला आणि तोंडाला लावते. त्या दिवसापासून नातींचे आजीकडे जाणे बंद झाले.

हे वृत्तान्त शंभरेक वर्षांनी, चित्रपूजेच्या पक्षाने लिहून ठेवलेले आहेत, हे विसरता कामा नये. जिंकलेल्या पक्षाच्या कथांत राण्या नेहमीच चतुर असतात. पण कथा रचलेली धरली तरी रचणाऱ्याला बाहुलीचाच बुरखा सुचावा, यात मर्म आहे. लॅक्टॅन्शियसने देवाला बाहुली म्हटले ते हिणवण्यासाठी. थिओडोराने तोच शब्द ढालीसारखा वापरला. कारण बाहुलीला कायदा लागत नाही हे तिला ठाऊक होते. पुल्केरियाने तो शब्द वापरला तो मात्र खरोखरच्या अर्थाने. आजी जिला पूजा म्हणत होती आणि बाप जिला पाखंड म्हणत होता, ती त्या चिमुरडीला आजीच्या घरचा एक खेळ वाटत होती. ८४२ च्या जानेवारीत थिऑफिलस वारला. मुलगा मायकेल अवघा २ वर्षांचा, म्हणून कारभार थिओडोराकडे आला. आणि ८४३ च्या मार्चमध्ये चित्रे चर्चमध्ये पुन्हा लागली. ऑर्थोडॉक्स पंथ तो दिवस आजही सण म्हणून पाळतो. संदुकीतल्या बाहुल्या अशा रीतीने देव्हाऱ्यात परत गेल्या.

इंग्लंडात ७०० वर्षांनी याच्या नेमके उलट घडले. ८व्या हेन्रीने १५३६ ते १५४० या काळात मठ बरखास्त केले. सोनेचांदी सरकारजमा झाली, शिसे वितळवले, आणि लाकडी मूर्ती जाळल्या किंवा इतस्ततः गेल्या. रॉजर एजवर्थ हा जुन्या मताचा धर्मोपदेशक ब्रिस्टल येथे प्रवचने देत असे. ती १५५७ मध्ये छापली गेली. त्यांत त्याने अशी तक्रार केली आहे, की मठांतल्या मूर्ती लोकांनी घरी नेऊन पोरांना खेळायला दिल्या. पोर मूर्ती हातात धरून नाचवते. तुझ्या हातात काय आहे, असे आईबाप विचारतात, आणि ही माझी मूर्ती, असे ते पढवल्याप्रमाणे सांगते. आईबाप खदखदून हसतात. एजवर्थला दुःख मूर्तीच्या विटंबनेचे होतेच, पण त्याहून अधिक त्या हसण्याचे होते. त्यातून पोर काय शिकणार, हा त्याचा सवाल होता.

मूर्ती फोडण्यापेक्षा ती पोराच्या हाती देणे हा अपमानाचा अधिक पक्का मार्ग होय, हे सुधारकांनी ओळखले होते. फुटलेल्या मूर्तीला हौतात्म्य येते. भातुकलीतल्या मूर्तीला काय येणार? मघा सचित्र पडद्याची उशी झालेली आपण पाहिली. तत्त्व एकच, मानाची जागा काढून घ्यायची. परंतु यात एक धोका आहे, आणि सुधारकांनी तो मुळीच ध्यानात घेतला नाही असे आम्हांला वाटते. उशी उशीच राहते. पोर मात्र खेळण्याला उशीसारखे वागवत नाही. ते त्याला अंगाशी घेऊन निजते, त्याच्याशी बोलते, हरवले तर जेवत नाही. ज्या प्रेमातून मूर्तीला सोडवायचे, त्याहून दाट प्रेमात तिला नेऊन टाकल्यासारखे झाले. आमची आजी प्रोटेस्टंट नव्हती हे उघडच आहे; पण खंडित देव पोरीच्या हाती द्यायला ती का कचरली, त्याचे एक कारण कदाचित हेही असेल.

हॉलंडात याचा पडताळा मिळतो. तेथे कॅल्व्हिनपंथी सत्ता आल्यावर संतांची पूजा संपली, चर्चच्या भिंती पांढऱ्या झाल्या. पण डिसेंबरातला संत निकोलसचा सण काही केल्या जाईना. तो मुळी मुलांचा सण. संताच्या आकाराच्या आले घातलेल्या गोड भाकऱ्या, बाहुल्या, बुटांत ठेवलेला खाऊ. १७व्या शतकात डेल्फ्ट, आर्नेम अशा शहरांच्या कारभाऱ्यांनी या आकृती भाजण्या-विकण्याविरुद्ध हुकूम काढले. पाद्री प्रवचनांतून गर्जले. भटारखान्यांतले साचे मात्र चालूच राहिले. वेदीवरून खाली खेचलेला संत पोरांच्या पोटात जाऊन बसला, आणि तिथून त्याला कोण बाहेर काढणार?

यान स्टेन या चित्रकाराने १६६५ ते १६६८ च्या सुमारास या सणाचे एक चित्र काढले. ते आज अ‍ॅम्स्टरडॅमच्या राइक्सम्यूझियममध्ये आहे. स्टेन स्वतः कॅथलिक होता. घरातली सारी मंडळी जमली आहेत, एका खोडकर मुलाला बुटात छडी मिळाल्यामुळे तो रडतो आहे, दुसरा त्याच्याकडे बोट दाखवून हसतो आहे. पुढे मधोमध एक लहान मुलगी आहे. तिच्या हातावर खाऊने भरलेली बादली आहे आणि कुशीत एक बाहुली. बाहुली संताच्या रूपाची आहे. आई हात पुढे करून तिला जवळ बोलावते आहे, आणि मुलगी बाहुली घट्ट धरून अंग चोरते आहे.